आदिवासी उपयोजना, वऱ्हाडातील
आदिवासींच्या विकासासाठी शासकीय अर्थसंकल्पात वेगळा निधी राखण्याची व्यवस्था. पाचव्या पंचवार्षिक योजनेत (1974–79) ती देशभर सुरू झाली. सुखठणकर समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्रात 1993-94 पासून राज्य योजनेचा सुमारे 9 टक्के हिस्सा आदिवासी विकास विभागाकडे येऊ लागला. वऱ्हाडातील मेळघाटात कोरकू ही जमात तिची मुख्य लाभार्थी. अमरावतीला अपर आयुक्तालय, तर धारणी व अकोला येथे एकात्मिक प्रकल्प कार्यालये आहेत.

मेळघाटातील धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. त्यामुळे 2015 पासून उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी तेथील ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठून या जिल्ह्यातील अकोट-तेल्हाऱ्याकडे वसलेली कोरकू कुटुंबे म्हणूनच या हक्काबाहेर पडतात. पुनर्वसनाच्या हिशेबात ही उणीव सहसा धरली जात नाही.

आश्रमशाळा, घरकुले, वीजपंप यांवर खर्च होऊनही मेळघाटातील कुपोषण हटलेले नाही. नुसत्या तरतुदीवरून यश मोजणे फसवे ठरते. पायविहीर (ता. अचलपूर) येथील अनुभव वेगळा आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामस्थांनी उजाड वन राखले, रोजगार हमीची कामे तेथेच घेतली आणि सीताफळे मुंबईच्या बाजारात पाठवली. 2014 मध्ये गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला.