नाण्यावरचे खजुराचे झाड

नाणे हातात आले की आपण किंमत बघतो, चित्र कोण बघतो? पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन साम्राज्यात वर्तमानपत्र नव्हते, बहुतेकांना वाचताही येत नव्हते. राजाचे म्हणणे गोरगरिबांच्या मुठीपर्यंत जायचे ते नाण्यावरच्या चित्रातून. सोने-चांदी मोठ्यांच्या पेटीत. रोजच्या बाजारात फिरायचे ते तांबे, पितळ आणि कासे. म्हणून वाचकहो, आम्ही त्याच नाण्यांबद्दल लिहितो आहोत.

इ.स. ७० मध्ये टायटसच्या फौजेने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, ज्यू लोकांचे मंदिर जाळले. त्याचा बाप व्हेस्पासियन तेव्हा सम्राट. त्याने इ.स. ७१ मध्ये रोमला सेस्टर्शियस हे पितळी नाणे पाडले. वजन सुमारे २५ ग्रॅम, तळहातावर चांगले जड. एका बाजूला सम्राटाचे तोंड. दुसऱ्या बाजूला मधोमध खजुराचे झाड, म्हणजे ज्यूंचा देश ज्युडिया. झाडाखाली एक बाई डोक्याला हात लावून रडत बसलेली. पलीकडे पुरुष, हात पाठीमागे बांधलेले. भोवती अक्षरे, 'ज्युडिया जिंकला'. पुढे खुद्द ज्युडियातही सीझरियाला याच अर्थाची नाणी ग्रीक अक्षरांत निघाली. म्हणजे हरलेल्यांनी आपलीच हार गाठीला बांधून बाजारहाट करायचा!

वर कर बसवला. मंदिराला ज्यू पुरुष जो वार्षिक पैसा द्यायचे तो रोमच्या ज्युपिटर देवाकडे वळवला, तोही बायकापोरांसकट सगळ्यांवर. इ.स. ९६ मध्ये नर्व्हा गादीवर आला. त्याच्या पितळी नाण्यावर तेच झाड, पण बाई नाही, कैदी नाही. मजकूर असा की, ज्यू कराच्या नावाने होणारे खोटे आरोप बंद. कर मात्र चालूच! कामगाराला असली सवलत नवी नाही.

इ.स. १३२ मध्ये सिमोन बार कोखबाने बंड केले. नाणी पाडायची तर धातू हवा. बंडवाल्यांनी रोमन नाणीच घेतली, कासेतांब्याची कानशीने घासली आणि त्यावर आपला ठसा मारला. कानस चालवलेल्या माणसाला ठाऊक आहे, हे किती वेळखाऊ काम. आणि ठसा कशाचा? त्याच खजुराच्या झाडाचा! पण आता खाली कोणी रडत नाही. फांद्या सात, खजुराचे दोन घोस लोंबताहेत. बाजूला जुन्या हिब्रू लिपीत सिमोनचे नाव, उलट बाजूला द्राक्षाचे पान.

इ.स. १३५ मध्ये रोमने हे बंड चिरडले, ज्यूंना जेरुसलेमात यायची बंदी केली. नाणी उरली. चांदीची त्यांनी घासली नव्हती, त्यामुळे कुठे कुठे नव्या अक्षरांखालून सम्राटाचे कपाळ आणि नाक अजून दिसते.