नऊ आण्यांचं पुस्तक

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एका निबंधाच्या पाचशे प्रती छापून निघाल्या. किंमत नऊ आणे. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि लेखिका आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. बाईमाणसाने स्वतःच्या नावानिशी साऱ्या पुरुषजातीला जाब विचारावा, हे त्या काळी अघटितच होतं. मला मात्र हे पुस्तक आणखी एका कारणाने जवळचं आहे. लिहिणाऱ्याच्या मनातली धास्ती आणि चारचौघांत होणारी टीका, दोन्ही त्याच्या इतिहासात उघड दिसतात.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी त्यांनीच शिकवलं. घर मराठ्यांचं, रीतीभातीचं. लग्नही घरजावई आणून लावलेलं. १८८१ साली सुरतेच्या एका खटल्याचा गवगवा झाला. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला दिवस गेले होते. लोकलाजेपायी तिने जन्मलेलं मूल मारलं, म्हणून तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. पण ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्राने त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्याच चालचलणुकीवर कोरडे ओढले. ताराबाईंचा निबंध हे त्याचं उत्तर होतं.

त्याची प्रस्तावना सावकाश वाचावी. आपण बुद्धीने उणी, मराठ्यांच्या घरात कोंडलेली बाई आहोत आणि लिहिण्याचा हा पहिलाच प्रयत्न आहे, असं त्या सुरुवातीलाच सांगून टाकतात. त्या काळच्या ग्रंथकारांत प्रस्तावनेत विद्वानांची क्षमा मागण्याचा रिवाजच होता. हंसक्षीरन्यायाने गुण घ्यावेत, दोष सोडावेत, अशी विनंती पानोपानी सापडते. तरी ताराबाईंचे शब्द मला नुसत्या रिवाजाचे वाटत नाहीत. शास्त्रीबुवा क्षमा मागत तेव्हा त्यांच्या पाठीशी पाठशाळा असे, मित्रमंडळ असे. ताराबाईंपाशी बापाने शिकवलेली अक्षरं होती.

आणि पुढे तीच लेखणी तळपायला लागते. नवरा मेला की बायकोने जन्मभर सुतक धरायचं, मग बायको मेली तर पुरुष दुसऱ्या लग्नाला मोकळा कसा? जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, त्यातला कोणता पुरुषांत नाही? शास्त्रं, पुराणं, देवादिक, कुणालाही त्या सोडत नाहीत. भाषा घरातली, तोंडावर बोलल्यासारखी. धास्ती फिटण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. ती प्रस्तावनेत मांडली आणि पुढचं सगळं लिहिलं.

माझं पहिलं कथांचं पुस्तक तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या प्रकाशकाने काढलं. तीनशे प्रतींची आवृत्ती. पुढे एका साहित्य मेळाव्यात एका वक्त्याने त्यातली भाषा ‘चुलीपुढची’ म्हणून निकालात काढली आणि समोरच्या ओळखीच्या माणसांनी टाळ्या दिल्या. लहान गावात टीका छापील कागदावर राहत नाही. ती किराणा दुकानात भेटते, लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसते. त्या दिवसांत मला धीर दिला तो कचरत लिहिलेल्या त्या प्रस्तावनेने. जिने पुरुषांची सत्ता शब्दांनी उभी चिरली, तिचाही हात पहिल्या पानावर थरथरला होता.

ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झालीच. सत्यशोधक मंडळींतल्याही काहींना ते रुचलं नाही. तेव्हा १८८५ साली सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, तीही छापून. जोतीरावांनी स्वतः हे सगळं सोसलं होतं. १८५५ साली त्यांचं ‘तृतीय रत्न’ नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली, त्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून त्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची टर उडवली. १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधू’त छापायला घेतला, तो दोन प्रकरणांवर थांबला आणि त्या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांचेच सहकारी होते. परक्यांचं हसणं आणि आपल्यांचं मागे सरणं, दोन्ही त्यांच्या अंगावरून गेलं होतं. म्हणूनच दूर बुलढाण्यातल्या एका बाईवर तीच वेळ आली, तेव्हा ते गप्प राहिले नाहीत.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. ‘स्त्रीपुरुषतुलना’ विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा वाचकांपुढे आणलं. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. आज ते विद्यापीठांत शिकवलं जातं. मालशे यांचे उपकार मोठे आहेत, पण त्र्याण्णव वर्षांनी मिळालेली दाद लेखिकेच्या कानी पोचत नाही.

नव्या लेखकाला आपण सांगतो, टीका मनावर घेऊ नकोस, कातडी जाड कर. मला हा सल्ला पटत नाही. जाड कातडीच्या माणसाने ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलंच नसतं. सुरतेच्या अनोळखी विधवेची हकिकत ऐकून जिच्या जिवाची तगमग झाली, तिला स्वतःवरची टीकाही लागणारच. ते लागणं आणि ते लिहिणं एकाच मनातून येतं. लेखकाने धास्तीसकट लिहावं, एवढंच त्याच्या हातात आहे. उरलेलं काम वाचकांचं आहे आणि ते जोतीरावांनी केलं तसं, लेखक हयात असताना, छापून, सही करून करायला हवं.

म्हणून आमच्या भागात कुणाचं पहिलं पुस्तक आलं की मी विकत घेते आणि त्यावर जिल्ह्याच्या दैनिकात लिहिते. आवडलं तर काय आवडलं ते, नाही आवडलं तर कोणत्या पानावर आणि का ते. खाली नाव माझं असतं. लेखकाला दुसरं पुस्तक लिहावंसं वाटलं पाहिजे, एवढ्यासाठी.