सालबुर्ग, क्रमांक ११

बाड हॉम्बुर्गच्या वायव्येला, टाउनुस डोंगराच्या खिंडीत सालबुर्ग हा रोमन किल्ला आहे. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत त्याची ओळख ‘ओआरएल बी ११’ अशी दिली जाते. शेजारचा फेल्डबर्ग १०, त्यापुढचा काप्पर्सबुर्ग १२. हे क्रमांक शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठरले आणि आजही बदललेले नाहीत.

सालबुर्ग ज्या रोमन सरहद्दीवर, म्हणजे लिमेसवर, आहे ती ऱ्हाईनपासून डॅन्यूबकडे जाणारी सुमारे ५५० किलोमीटरची रेषा एकोणिसाव्या शतकात प्रशिया, हेसेन, बाडेन, व्युर्टेंबर्ग आणि बव्हेरिया या राज्यांत विभागली गेली होती. जो तो आपल्या हद्दीत खणे; नोंदींना सामाईक शिस्त नव्हती. इतिहासकार थिओडोर मॉम्झेन यांच्या पाठपुराव्याने १८९२ मध्ये जर्मन साम्राज्याच्या खर्चाने लिमेस आयोग नेमला गेला. सालबुर्गचे उत्खनन करणारे हॉम्बुर्गचे वास्तुतज्ज्ञ लुई याकोबी त्याच्या कामात होते.

आयोगाने रेषेचे १५ विभाग पाडले. टेहळणी बुरुजाला विभागाचा आणि विभागातला असे दोन आकडे मिळाले, किल्ल्यांना स्वतंत्र मालिका मिळाली. अंतरावरून अंदाजलेल्या, पण प्रत्यक्ष न सापडलेल्या बुरुजापुढे तारांकन घातले जाते. जमिनीच्या सर्व्हे नंबराला पोटहिस्सा जोडावा, तसे मधेच सापडलेल्या बुरुजाला अक्षर जोडले जाते; मागचे आकडे हलवले जात नाहीत. पद्धतीचा खरा कस इथेच लागतो.

आयोगाचे ग्रंथ, म्हणजेच ‘ओआरएल’, १८९४ ते १९३७ दरम्यान निघाले. मॉम्झेन १९०३ मध्ये गेले, याकोबी १९१० मध्ये. शेवटची जबाबदारी एर्न्स्ट फाब्रिसियुस यांनी पार पाडली. दरम्यान कैसर दुसरा विल्हेल्म याच्या हुकमावरून १८९७ ते १९०७ मध्ये किल्ला पुन्हा बांधला गेला. तटावरचे कंगोरे फार जवळजवळ बसवले आहेत आणि मूळ भिंतीला पांढरा गिलावा होता, असे आता अभ्यासक सांगतात. बांधकाम वादात सापडले, क्रमांक मात्र वादात सापडला नाही.

न बदलणाऱ्या क्रमांकाची हीच गरज संगणकाच्या काळात संशोधनाच्या विदेला (डेटाला) भासली. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो आणि लेखातला संदर्भ निकामी होतो. यावर उपाय म्हणून डीओआय या कायमस्वरूपी ओळखक्रमांकाची घोषणा १९९७ मध्ये, बाड हॉम्बुर्गपासून जवळच असलेल्या फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्यात झाली. क्रमांक तोच राहतो, नोंदवहीतला पत्ता तेवढा बदलावा लागतो; विदा सांभाळणाऱ्या संस्थेने तो बदललाच नाही, तर क्रमांक असूनही वाचक रिकाम्या पानावर पोहोचतो. विदेसाठी असे क्रमांक देण्याची सुरुवात हॅनोव्हरच्या टीआयबी ग्रंथालयाने केली. १ डिसेंबर २००९ रोजी लंडनमध्ये याच कामासाठी डेटासाइट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

पण डीओआयबरोबर हँडल, यूआरएन आणि संशोधकांसाठी ऑर्किड अशा ओळखक्रमांकांच्या सेवा वाढत गेल्या आणि पुन्हा जो तो आपापल्या हद्दीत, अशी स्थिती आली. जर्मनीत त्यांचा मेळ घालण्यासाठी पीआयडी (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) नेटवर्क हा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. त्यात डेटासाइट, टीआयबी, जर्मन राष्ट्रीय ग्रंथालय, हेल्महोल्ट्झ ही संशोधन संघटना आणि बीलेफेल्ड विद्यापीठाचे ग्रंथालय सहभागी झाले.