देवळी परिसरातील लहान तळी : पाण्याची प्रत आणि मासेमारी

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुका वर्धा–यवतमाळ मार्गावर, यशोदा नदीच्या खोऱ्यात आहे. खाली बेसाल्टचा काळा कातळ, वर कपाशीची भारी काळी जमीन, आणि पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथली लहान तळी म्हणजे गावतळी, पाझर तलाव आणि नाल्यांवरचे बंधारे. त्यांतली बरीचशी उन्हाळ्यात आटतात किंवा तळाशी डबक्याएवढी उरतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची म्हणजे मामा तलावांची दाट परंपरा आहे. वर्धा खोऱ्याच्या या भागात तशी परंपरा नाही. त्यामुळे इथल्या भोई आणि ढिवर समाजाची मासेमारी नदीच्या डोहांवर, मोठ्या धरणांवर आणि या हंगामी पाण्यावर मिळून चालते.

पाण्याची प्रत ऋतूप्रमाणे पालटते. पहिल्या पुरासोबत शेतातली माती येते, पाणी गढूळ होते आणि ऊन तळापर्यंत पोचत नाही. दिवाळीच्या सुमारास गाळ बसतो आणि माशांना मानवणारा काळ सुरू होतो. बेसाल्टमधून झिरपलेल्या क्षारांमुळे पाणी थोडे अल्कधर्मी असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘ड’ वर्गात, म्हणजे मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात, सामू 6.5 ते 8.5, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 4 मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने 1.2 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. कटला, रोहूसारख्या माशांना 25 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मानवते.

नुसता आकडा मात्र फसवा ठरतो, कारण तो दिवसाच्या कोणत्या वेळी घेतला यावर सारे अवलंबून असते. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडते, तेव्हा हिरवेगार तळेही निरोगी दिसते. रात्रभर तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा पाला मिळून तो प्राणवायू वापरतात. पहाटे साठा सर्वांत कमी असतो. म्हणून मासे मरतात ते बहुधा उजाडण्याच्या आधी, त्यातही सलग ढगाळ दिवसांत. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की तळे अडचणीत आहे, हे मासेमाराला मोजमापाशिवाय कळते. त्याच दिवशी खत आणि खाद्य थांबवावे, शक्य असल्यास पंपाने पाणी फवारून हलवावे. प्राणवायूची तपासणी करायची तर ती पहाटेच करावी. दुपारचा नमुना प्राणवायूची खरी अवस्था सांगत नाही.

अमोनियाचेही असेच आहे. 25 अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू 9 वर गेला की सुमारे तिसरा हिस्सा विषारी होतो. युरिया आणि फॉस्फेटयुक्त खतांचे पाणी, गुरांचे शेण, सांडपाणी आणि विसर्जनाचे साहित्य यांनी शेवाळ माजते आणि भर दुपारी सामू तिथवर चढतो. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीची भर पडते. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक असतात. फवारणीपंप तळ्याच्या काठावर धुणे हे एवढ्याशा पाण्यावरचे मोठे संकट आहे.

माशांत दोन प्रकार पडतात. कटला, रोहू आणि मृगळ बाहेरून बीज आणून सोडले जातात. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात सहसा नाही. त्यामुळे दरवर्षी मत्स्यबीज विकत घ्यावे लागते. हिरालाल चौधुरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन साधले, आणि बीज हॅचरीत तयार होऊ लागले. सहा-आठ महिनेच पाणी टिकणाऱ्या तळ्यात मत्स्यजिरे, म्हणजे अगदी लहान पिल्ले, सोडण्यात अर्थ नाही. तिथे बोटाएवढी वाढलेली बोटुकलीच हवी, नाहीतर मासा विक्रीयोग्य होण्याआधी पाणी संपते.

दुसरा प्रकार तळ्याच्या स्वतःच्या माशांचा. मरळ, मांगूर, वाम आणि झिंगे यांना आडोसा लागतो, पाणवनस्पती लागतात. मरळ आणि मांगूर हवेतूनही श्वास घेतात, म्हणून कमी प्राणवायूत तग धरतात. बाजारात मरळीला कटला-रोहूपेक्षा चढा भाव मिळतो. असे असूनही तळ्याचा विचार होतो तो फक्त सोडलेल्या बीजाच्या हिशेबात, आणि ही मोठी चूक आहे.

ती चूक कशी दुरुस्त करावी हे गोंदिया-भंडाऱ्याकडून शिकण्याजोगे आहे. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर मासेमारांच्या माहितीच्या आधारे मामा तलावांचे पुनरुज्जीवन हाती घेतले. बेशरमाची झुडपे उपटायची, उन्हाळ्यात तळाची नांगरणी करायची, पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, अशी त्यांची रीत. वनस्पती परतल्या की किडे, पक्षी आणि स्थानिक मासेही परततात. देवळीच्या काळ्या मातीत हेच जसेच्या तसे चालणार नाही. पण तळाचा एखादा भाग खोल ठेवून तिथे उन्हाळाभर पाणी राखणे, काठाचे गवत न जाळणे आणि नाल्याच्या तोंडाशी गाळ अडवणे इथेही जमण्यासारखे आहे. गाळ काढतानाही सगळा तळ सरसकट खरवडू नये.

पाण्यात स्फोटके किंवा विष टाकून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. तळ्याचे मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांचा मोठा वाटा असतो. ठेका घेणाऱ्या संस्थेने बीजखरेदीच्या नोंदीबरोबर पहाटेच्या प्राणवायूची, दुपारच्या सामूची आणि मिळालेल्या स्थानिक माशांची नोंदही ठेवावी. ग्रामपंचायतीने फवारणीपंप धुण्यासाठी तळ्यापासून दूर जागा नेमून द्यावी. ही दोन कामे या हंगामापासूनच सुरू व्हायला हवीत.