तगाई ते दोन हजार

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देश बंद झाला आणि दोनच दिवसांनी दिल्लीहून घोषणा झाली: पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच सुमारे ८.७ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यात जमा होईल. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात हे आल्याच्या लागणीच्या तयारीचे दिवस. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेणे मातीत जाते, आणि आल्याचे बेणे महाग असते. खरे तर ही रक्कम नवी नव्हती, ठरलेलाच हप्ता महामारीमुळे लवकर आला. पण संकटात सरकारने शेतकऱ्याच्या हाती काही ठेवावे, हा विचार फार जुना आहे. त्याच्या मागे जायचे तर आपण थेट सतराव्या शतकात पोहोचतो.

५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठवले. प्रभावळी कोकणातली, पण पत्रातला विचार साऱ्या मराठी मुलखाचा पाया ठरावा असा आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणब्यांना गोळा करावे, ज्याला कष्टाचे बळ आहे पण बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्यावेत, ज्याला पोटाला नाही त्याला दाणे द्यावेत, आणि पुढे त्याला ताकद आल्यावर व्याज न लावता फक्त मुद्दल घ्यावे. विचारणा होती ती माणसाच्या कष्टाची. पेशवाईतही रयतेला उचल देण्याची रीत चालू राहिली आणि तिचे नाव गावोगावच्या तोंडी रुळले: तगाई.

इंग्रजी अमलात त्या तगाईला कायद्याचे रूप आले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, मग १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांतल्या कुळांना सावकाराविरुद्ध कोर्टाचा आधार दिला. कोरेगावचा शेतकरी त्यात आला. १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. १८८३ मध्ये जमीन सुधारणेसाठी आणि १८८४ मध्ये बी-बियाणे, जनावरांसाठी सरकारी कर्जाचे कायदे झाले. मात्र आता मदतीच्या आधी अर्ज आला, तारण आले, जमिनीचा हक्क आला. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण इथे आहे.

पुढच्या शतकात सांगलीकडे एक वेगळी वाट फुटली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात हाताला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो महाराष्ट्रभर पोहोचला आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्याला हक्काचे रूप मिळाले. तिथे सातबारा लागत नव्हता.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी सन्मान निधी सुरू झाला: वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी जोडले. पैसा आता मधल्या हातांत न अडकता खात्यात येतो, ही मोठी मिळकत आहे. पण पात्रता ठरते १ फेब्रुवारी २०१९ च्या जमीन नोंदीवरून. दुसऱ्याच्या रानात निम्म्या वाट्याने घेवडा करणारा वाटेकरी आणि त्याच्या बांधावर खुरपणारी मजूर बाई, दोघेही त्या यादीबाहेर राहतात. पुढचे संकट येण्याआधी तलाठी कार्यालयात वाटेकऱ्यांची नोंद व्हावी, आणि ती मागणी गावाच्या ग्रामसभेतून उठावी, एवढे आपण नक्की करू शकतो.