जंगलात वाट चुकलात आणि रेंज नाही? फोनचा नेमका उपयोग असा करा

हरिश्चंद्रगडावर मंदिराकडून कोकणकड्याकडे जाताना आम्ही दोघं धुक्यात वाट चुकलो. जिला वाट समजत होतो ती ढोरवाट निघाली आणि कारवीत संपली. रेंज नव्हती, तरी मी तासभर चालत चालत फोन लावत राहिलो. बॅटरी 58 टक्क्यांवरून 40 वर आली. शेवटी खाली बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण कुठे आहोत हे सांगायला फोनला रेंज लागतच नाही!

जीपीएस आणि रेंज या दोन वेगळ्या गोष्टी

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल पाठवतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. किमान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले की तो स्वतःची जागा काढतो. टॉवर किंवा इंटरनेट असेल तर हे काम पटकन होतं, कारण उपग्रहांची माहिती नेटवरून मिळते. नेट नसेल तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने येते. म्हणून काही मिनिटं धीर धरा. कड्याच्या पोटाशी किंवा दाट झाडीत सिग्नल अडतो, त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली उभे राहा.

चुकल्यावर काय करायचं?

1. आधी थांबा. सह्याद्रीत ओढ्याच्या कडेने खाली उतरू नका, ओढा कधी धबधबा होऊन कड्यावरून कोसळेल सांगता येत नाही.

2. एअरप्लेन मोड लावा. रेंज नसताना फोन सारखा टॉवर शोधतो आणि बॅटरी खातो. आजच्या बहुतेक फोनमध्ये या मोडमध्येही जीपीएस चालू राहतं, फक्त लोकेशन सुरू असल्याची खात्री करा. स्क्रीनचा उजेड कमी करा.

3. अक्षांश-रेखांश कागदावर लिहून घ्या. मॅपवर निळ्या ठिपक्याजवळ बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. दशांश चिन्हानंतर चार अंक घेतले तर चूक साधारण 11 मीटरच्या आत राहते. आकडे सांगताना '19 पूर्णांक 39 अंश' असं स्पष्ट म्हणा. ऐकणाऱ्याने 19.39 ऐवजी '19 अंश 39 मिनिटं' लिहून घेतलं तर शोधपथक सुमारे 29 किलोमीटर उत्तरेला जाईल.

4. जवळच सुरक्षित उंचवटा असेल तर तिथे एअरप्लेन मोड काढून 112 लावा. 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल तर तुमच्या कंपनीचा नसला तरी दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर आहे, 112 त्यावरून लागू शकतो. घरच्यांना व्हॉट्सॲपऐवजी साधा एसएमएस करा. त्याला डेटा लागत नाही, क्षणभर रेंज आली तरी तो जाऊ शकतो.

5. अंधार पडला तर चालू नका. मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवा किंवा टॉर्च दाखवा, मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा तेच करा. हा डोंगरातला जुना, सर्वमान्य संकेत आहे.

निघण्याआधी घरीच करायच्या गोष्टी

जीपीएस फक्त ठिपका देतं, त्याखालचा नकाशा आधीच फोनमध्ये हवा. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडमध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित या ॲप्समध्ये अनेक पायवाटा मिळतात. चढताना ट्रॅक रेकॉर्ड करा म्हणजे आल्या वाटेने परतता येतं. पॉवरबँक, शिट्टी आणि वेगळी टॉर्च घ्या. कुठून चढणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरी सांगून ठेवा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेऊ नका, भारतात ते बेकायदेशीर आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नकाशावर गाव 2 किलोमीटरवर दिसलं तरी मध्ये कडा असू शकतो, म्हणून सरळ रेषेत चालत सुटू नका.

त्या दिवशी उतरवलेला नकाशा माझ्या फोनमध्ये होता. तो उघडला तेव्हा मंदिर जेमतेम 600 मीटर मागे होतं. आम्ही मात्र तासभर वाट शोधत कड्याच्या बाजूला सरकत होतो. रेकॉर्ड झालेल्या ट्रॅकवरून मागे फिरलो आणि अर्ध्या तासात मंदिरापाशी पोचलो. तासाभरापूर्वीच थांबलो असतो तर तेवढंही चालावं लागलं नसतं.