तीन मिनिटांची तबकडी: मायकेल कोलमन आणि आयरिश फिडल

१/१२
आयरिश लोकसंगीताच्या बैठकीत तीन चाली अनेकदा एकापाठोपाठ एक, त्याच क्रमाने वाजवल्या जातात: ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’. हा क्रम कुठल्याही गावाच्या जुन्या रिवाजातून आलेला नाही. तो १९३४ साली अमेरिकेत निघालेल्या एका तबकडीने रूढ केला. वादक होता मायकेल कोलमन. त्याच्या तबकड्यांनी एका परंपरेचे काय केले, त्याविषयी हा थ्रेड.

२/१२
प्रथम वाद्याविषयी. फिडल म्हणजे व्हायोलिनच. लोकसंगीतात वाजते तेव्हा त्याला फिडल म्हणतात. आयर्लंडमध्ये ते मुख्यतः नाचाच्या साथीचे वाद्य होते. रील, जिग यांसारख्या चाली कागदावर न उतरता कानावरून शिकल्या जात. त्यामुळे गज चालवण्याची रीत आणि स्वरांची सजावट प्रत्येक परगण्यात निराळी असे.

३/१२
कोलमनचा जन्म १८९१ चा, पश्चिम आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात, बॅलिमोटजवळच्या किलाव्हिल भागातला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील बासरी वाजवीत आणि घरी परिसरातील वादकांचा राबता असे. त्याचे शिक्षण झाले ते याच घरात आणि शेजारपाजारच्या फिडलवादकांकडे.

४/१२
पण हा देश रिकामा होत चालला होता. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. मधल्या काळात भीषण दुष्काळ आला, पाठोपाठ अखंड स्थलांतर सुरू झाले आणि १९११ मध्ये हा आकडा ४४ लाखांच्या आसपास उतरला. अमेरिकेला निघालेल्या माणसासाठी आदल्या रात्री गाव जागत असे, जसे मृताजवळ जागतात तसे. तो परत येईल अशी आशा कोणी फारशी बाळगत नसे.

५/१२
१९१४ मध्ये कोलमनही न्यूयॉर्कला गेला. तेथील रंगमंचांवरच्या विविधरंगी कार्यक्रमांत तो फिडल वाजवू लागला. शहरात लाखो आयरिश लोक राहत होते आणि मायदेशीचे सूर ऐकण्यासाठी पैसे मोजायला ते तयार होते. मात्र मोठ्या ग्रामोफोन कंपन्यांना या ग्राहकाची जाणीव उशिरा झाली.

६/१२
ती जाणीव करून दिली एका दुकानदार स्त्रीने. लाइट्रिम परगण्यातून आलेल्या एलन ओबर्न डीविट यांचे न्यूयॉर्कमध्ये दुकान होते. आयरिश नृत्यसंगीताच्या तबकड्यांची मागणी त्यांच्याकडे सतत होई. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीला शब्द दिला: तुम्ही तबकडी काढा, पाचशे प्रती मी विकत घेते. त्या प्रती खपल्या आणि एक नवी बाजारपेठ उभी राहिली.

७/१२
याच लाटेत १९२१ मध्ये कोलमनच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. त्या काळी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. वादकाने एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचे आणि ध्वनीच्या कंपनांनीच मेणावर रेघ कोरली जायची. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. साथीला पियानो असे. अनेकदा तो वाजवणाऱ्याला या चालींची ओळखही नसे.

८/१२
तरीही त्या तीन मिनिटांत कोलमनने जे वाजवले ते थक्क करणारे होते. लय वेगवान, गज सफाईदार आणि चालीच्या प्रत्येक आवर्तनात सजावट थोडी बदललेली. १९३६ पर्यंत त्याच्या तबकड्यांच्या सुमारे ऐंशी बाजू निघाल्या. जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन हे याच काळात न्यूयॉर्कमध्ये गाजलेले दुसरे दोन फिडलवादक. तेही स्लायगोचेच.

९/१२
मग या तबकड्या उलट दिशेने निघाल्या. स्थलांतरितांनी त्या, आणि कधी ग्रामोफोनही, मायदेशी धाडले. खेड्यातील तरुण तीच बाजू पुनःपुन्हा लावून एकेक स्वर उचलू लागले. दारिद्र्याने आणि स्थलांतराने खचलेल्या समाजाला आपले संगीत अमेरिकेतून सन्मानाने परत येताना दिसले. ही परंपरा टिकली, त्यात या तबकड्यांचा वाटा मोठा आहे.

१०/१२
पण याची दुसरी बाजूही आहे. तबकडीतला वादक स्लायगोचा होता म्हणून स्लायगोची शैली हीच ‘खरी’ आयरिश शैली वाटू लागली. डॉनेगॉलची तुटक, ठसकेबाज गजकारी किंवा केरी-कॉर्क सीमेवरील श्लीव लूक्राचा नाचरा पोल्का ही गावठी ठरू लागली. स्वतः कोलमन प्रत्येक आवर्तन बदलून वाजवी. त्याचे अनुकरण करणारे मात्र तबकडीतले एकच रूप प्रमाण मानू लागले.

११/१२
श्लीव लूक्राचा पाड्रेग ओकीफ जन्माने कोलमनहून वडील. त्याने डोंगरवाटांनी पायी हिंडून, स्वतः रचलेल्या स्वरलिपीत चाली उतरवून देत दोन पिढ्यांना फिडल शिकवले. त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस, संग्राहक शेमस एनिस त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा. दोघांच्या कीर्तीतील अंतर केवळ गुणवत्तेने पडलेले नाही. त्यांतला एक न्यूयॉर्कला पोहोचला होता आणि दुसरा गावातच राहिला होता.

१२/१२
कोलमन १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारला आणि तिथल्याच ब्राँक्समध्ये त्याचे दफन झाले. १९७४ मध्ये त्याच्या जन्मभूमीत स्मारक उभे राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याच्या तबकड्या एक गोष्ट शिकवतात. जुने ध्वनिमुद्रण ऐकताना कोण वाजवतो आहे हे आपण विचारतोच. मुद्रणयंत्र त्या वेळी कोणत्या शहरात होते, त्याचे पैसे कोणी मोजले आणि त्याच काळात कोण वाजवत होते पण नोंदले गेले नाहीत, हेही विचारायला हवे.